एस्टीमच्या स्प्रिंगा आणि माझी पाठ

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन घरी आले, तेव्हा माझी गाडी जागेवर नव्हती. पोर्चमध्ये तेलाचा डाग होता आणि त्याच्या शेजारी मांजर बसलं होतं. मांजराला काही विचारण्यात अर्थ नव्हता.

तक्रार कशी मांडावी हे मला कुणी शिकवू नये. टेलिफोन खात्यात माझी नोकरी झाली, आणि त्यातली बरीचशी तक्रार विभागात. फोन बंद पडला की लोक शेजाऱ्याच्या फोनवरून आधी सुनेची कहाणी सांगायचे. मी म्हणायचे, तारीख सांगा, वेळ सांगा, मग गाऱ्हाणं सांगा. तर मीही तसंच सांगते.

गाडी : एस्टीम, १९९९ ची, बाटलीसारखी हिरवी. मालक : त्रिशला जिनपाल चौगुले, म्हणजे मी. आरसी बुकावर तसं लिहिलेलं आहे. नेणारे : माझे पती जिनपाल, वय बाहत्तर, साखर कारखान्याच्या शेती विभागातून निवृत्त, बोलण्यात कंजूष. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते. वहीत नाव लिहिते, कारण 'अहो'विरुद्ध तक्रार दाखल होत नाही.

फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"कुठे आहात?"

"उंब्रजला."

"उंब्रजला काय आहे?"

"जोतीराम." फोन बंद.

संध्याकाळी गाडी परत आली. मागून कुणी बखोट धरून उचलल्यासारखी दिसत होती. सव्वीस वर्षांची बाई उंच टाचा घालून लग्नाला निघावी, तशी. जिनपाल खाली उतरले आणि लांब उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. माझ्याकडे असं शेवटचं कधी बघितलं होतं, ते आठवावं लागेल.

"काय केलंत हे?"

"मागनं बसली होती. सस्पेन्शन करून आणलं. स्प्रिंगा, शॉकअप, सगळं नवं."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

हे उत्तर मी जसंच्या तसं नोंदवून ठेवत आहे. पुढे उपयोगी पडेल.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मिरजेपर्यंत चक्कर मारून आलो. सस्पेन्शन नवं म्हणजे गादीवर बसल्यासारखं वाटेल, असं मला वाटलं होतं. पहिल्याच गतिरोधकाला माझं डोकं छपराला लागलं. दुसऱ्याला पर्स उडून पुढच्या सीटवर गेली. रेल्वे फाटकापाशी तर मी णमोकार मंत्र मोठ्याने म्हणायला लागले.

माझ्या कमरेची चकती दोन वर्षांपूर्वी सरकली आहे. डॉक्टरांनी हादरे टाळायला सांगितलं आहे. म्हणूनच मी लांबच्या प्रवासाला जात नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी नवऱ्याने गाडीला बैलगाडीचं पद दिलं.

परत येताना ते सारखे विचारत होते, "कुठं दुखलं? वर का खाली? खड्ड्यात जाताना, का बाहेर येताना?" उलटतपासणी! मी म्हटलं, "अहो, सगळीकडे दुखलं. यापुढे मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही." त्यांचं तोंड असं पडलं की जणू मी एखाद्या माणसाविषयी बोलले. पुरुषांना म्हातारपणी खेळणी लागतात, हे ऐकून होते.

पाठ खरंच दुखते आहे. शेक घेतला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

रिक्षाने मारुती रोडला जाऊन आले. भाजी, हळद, दोन ब्लाउजपीस. रस्ता पार उखडलेला. पाठीला काही झालं नाही. रिक्षाची गोष्ट वेगळी असते.

शनिवार, २० सप्टेंबर

कवठे महांकाळजवळून प्राचीचा फोन आला होता. प्राची माझ्या अक्काची मुलगी. अक्का माझी मोठी बहीण, कुसुम. तीन वर्षांपूर्वी तिने दीक्षा घेतली आणि आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, झाली. तिला आता नवं नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही. यंदाचा चातुर्मास कवठ्याच्या पुढे, प्राचीच्याच गावच्या बस्तीत आहे. संघात पाच माताजी आहेत, त्यांतली एक आमची.

"मावशी, आता तरी ये," प्राची म्हणाली. "दिवाळी झाली की संघाचा विहार. पायी कर्नाटकात जाणार. तिथून पुढं कुठं, कुणालाच माहीत नाही. एकदा चौका लाव, तुझ्या हातचा आहार दे. माझ्याच घरात लाव, विहिरीचं पाणी, पीठ, सगळं शुद्धीचं आहे. तू फक्त ये."

मी पाठीचं सांगितलं.

"अगं, पण काका म्हणाले, गाडीचं काम चाललंय."

कवठ्यापर्यंत यांनी त्या गाडीचं कौतुक पोचवलं! घरात दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस बाहेर पोवाडे गातो.

"काम झालं आणि बिघडलं," मी म्हटलं. "त्या गाडीतून तुझ्याकडे पोचेन ती पोत्यात भरून."

प्राची हसली नाही. म्हणाली, "आई... माताजी बारीक झाल्यात गं."

बुधवार, २४ सप्टेंबर

आज उंब्रजला मी स्वतः गेले. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या तोंडावर करावी. गाडीत पाऊल ठेवणार नाही म्हटलं होतं, ते मागे घेतलं नाही. उश्या घेऊन पुढच्या सीटवर आडवी पडून गेले. त्याला बसणं म्हणत नाहीत.

जोतीराम हा सैन्यातून परत आलेला मिस्त्री. हायवेला लागून शेड, मिशा, आणि आवाज असा की ट्रकचा हॉर्न लाजावा. लडाखपासून राजस्थानपर्यंत कुठली कुठली गाडी त्याने चिखलातून काढली, ते मी खाली उतरायच्या आतच सांगून झालं.

मी म्हटलं, "लडाख राहू द्या. ही गाडी उडते का?"

"उडंल न्हाईतर काय! आवं बाई, मोकळी चालवली की उडणारच. मागं दहा पोती बेदाणा टाका, मग बघा. घोडी कशी जाग्यावर ऱ्हाती!"

"बेदाणा?"

"मग? सांगलीची गाडी, मागनं बसल्याली. मालक म्हनतोय हादरा बसाया नको. द्राक्षबागायतदार दुसरं काय नेणार? मी आपली जाड तारेची स्प्रिंग घातली, वर रबरी ठोकळं. आमच्या हितं गाडी उचलत्यात ती मालासाठीच. माणसं काय, माणसं बसत्यात कुठंबी."

म्हणजे माझ्या गाडीला मालवाहू टेम्पो केलं होतं. मी जिनपालांकडे वळले. "तुम्ही सांगितलं नाहीत का, आपल्याकडे द्राक्षाचा एक वेलसुद्धा नाही?"

"त्यानं विचारलं नाही," जिनपाल म्हणाले.

"आणि तुम्ही काय न्यायचंय ते सांगितलं नाहीत."

 मग त्यांनी जोतीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला एका उभ्या ट्रकच्या मागे घेऊन गेले. बराच वेळ तिथे बोलणं चाललं होतं. नवरा इतकं बोलू शकतो हे मला लग्नानंतर प्रथमच समजलं. मी तेवढ्यात चहा नाकारला, मग प्यायले.

परत आला तेव्हा जोतीरामचा आवाज अर्ध्यावर आला होता.

"बाई, जरा मागं बसा."

"का?"

"बसा तर. डाव्या अंगाला बसता का उजव्या?"

"डाव्या. तुम्हाला काय करायचंय?"

त्याने मला बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. मागे वाकून चाकाच्या वरची जागा बोटांनी मोजली. सीटची उंची माझ्या गुडघ्याला लावून बघितली. मग जिनपालांना म्हणाला, "कळ्ळं. समदं काढतो. पर आठ-धा दिस लागत्याल. साताऱ्यासनं दुसऱ्या स्प्रिंगा मागवाया लागतील, मऊ."

पोती नव्हती म्हणून मला पोत्याच्या जागी बसवून वजन केलं! हे मी घरी येताना एसटीत बोलून दाखवलं. जिनपाल खिडकीबाहेर बघत हसत होते. त्यांना वाटलं, मला काचेत दिसत नाही.

एसटीत पाठ दुखली का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण दुखली नव्हती.

रविवार, ५ ऑक्टोबर

गाडी आली. टाचा उतरल्या आहेत. दार उघडून बसले तर वाकावं लागलं नाही आणि चढावंही लागलं नाही. सीट थेट माझ्या उंचीला. योगायोग.

बुधवार, ८ ऑक्टोबर

नवीन तक्रार. सलग तीन दिवस गाडीची मागची सीट ओली आहे. डावीकडची, म्हणजे माझी. सोमवारी चांगलीच भिजलेली होती, काल थोडी, आज टिकलीएवढा डाग. स्वयंपाकघरातला पितळी तांब्याही दिवसभर सापडला नाही. संध्याकाळी तो गाडीत, माझ्या जागेवर, शालीत गुंडाळून ठेवलेला निघाला.

"हे काय?"

"पाणी."

"पाणी दिसतंय. गाडीत कशाला?"

"प्यायला."

रोज सकाळी हे हरिपूरच्या उखडलेल्या रस्त्याने जातात आणि परत येतात. उद्या बहुधा शालही कोरडी निघेल. निवृत्त माणसाला काम नसलं की असं होतं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज सीट कोरडी होती. तांब्या काठोकाठ भरलेला. सकाळी गाडीतून मिरजेला नेलं. कुठे खड्डा आला ते मला समोरच्या गाडीकडे बघून कळत होतं. आमची गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी खाली जायची आणि वर यायची.

  परत येताना जिनपाल एवढंच म्हणाले, "रविवारी सकाळी लवकर निघालो तर साडेआठपर्यंत पोचतो."

कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ही वही माझी आहे, तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

अक्का आणि मी एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मी तिच्यामागे दोन इयत्ता. तिची वेणी गुडघ्यापर्यंत यायची. रिबन बांधायला दोघी लागायच्या, ती आणि मी. प्रार्थनेची घंटा झाली की रांगेत ती मला सरळ उभी करायची. दीक्षेच्या दिवशी हजारो माणसं बसली होती, जयजयकार चालला होता, आणि ती मांडवात बसून स्वतःच्या हाताने केस उपटत होती. एकेक झुपका. चेहऱ्यावर काही नाही. लोक म्हणत होते, काय वैराग्य! मी मांडवाच्या मागे जाऊन उलटी केली. तेव्हापासून तिच्या दर्शनाला गेलेली नाही.

मला धर्म कळत नाही असं नाही. मला एवढंच कळत नाही, की ती समोर आली तर मी तिला काय म्हणायचं. अक्का म्हणायचं नाही. माताजी माझ्या तोंडून येत नाही. आणि ती मला काय म्हणणार? तिला आता बहीण नाही. कागदोपत्री नाही आणि मनातही असू नये, असा नियमच आहे.

पाठ दुखते असं सांगणं सोपं होतं. गाडी आदळायची तोवर ते खरंही होतं.

आता उद्या काय सांगू?

रविवार, १२ ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहिते.

पहाटे निघालो. कवठ्यापर्यंत हायवे. पुढे गावचा रस्ता, डांबर होतं असं जुने लोक सांगतात. गाडीने कुरकुर केली नाही आणि पाठीने तर नाहीच. मला राग आला. एखादा तरी हादरा बसायला हवा होता.

प्राचीने चौका तयार ठेवला होता. आंघोळ करून शुद्धीची वस्त्रं नेसलो. मी खपली गव्हाची लापशी केली, दूध घालून. "गूळ नको," प्राची म्हणाली, "गूळ, साखर, मीठ, सगळं सोडलंय." गुळाची खीर वाटीने नाही, पातेल्याने खाणारी ती बाई!

आहाराची वेळ झाली. गावातली जोडपी आपापल्या दारात कलश घेऊन उभी राहिली. माताजींना जेवायला या म्हणून बोलावता येत नाही. त्या बस्तीतून निघताना मनात एखादा नेम धरतात, तो कुणाला सांगत नाहीत, आणि ज्या दारात तो जुळेल तिथेच थांबतात. जुळला नाही तर उपाशी परत.

आमच्या माताजी आल्या. पांढरं लुगडं, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. डोक्यावर बोटभर पांढरे केस. पायांना भेगा, भेगांत लाल माती. मी आधी पायच बघितले. कारण आम्ही महिनाभर दोन स्प्रिंगांसाठी उंब्रज पालथं घातलं होतं, आणि हिने सगळा जिल्हा त्या पायांनी तुडवला होता.

जिनपाल म्हणू लागले, "वंदामि माताजी, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ." मला त्यांच्याबरोबर म्हणायचं होतं. आवाज फुटला नाही. 

त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि पुढे गेल्या.

तीन वर्षांनी भेटते आणि पुढे जाते! शेजारच्या दारासमोर थांबल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. मला वाटलं, आता बस्तीत परतणार, आज उपास. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण टोकाला वळून त्या पुन्हा आमच्याच बाजूने येऊ लागल्या.

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. पूर्वी ट्रंक कॉलला ओरडायचो त्या आवाजात मी ओरडले, "वंदामि माताजी! अत्र तिष्ठ!" दोन घरांपलीकडची म्हैस उठून उभी राहिली.

माताजी थांबल्या. आमच्याच दारात. कोणता नेम जुळला, ते विचारायचं नसतं. पहिल्या खेपेला काय कमी होतं आणि दुसऱ्या खेपेला काय आलं, मला तरी समजलं नाही.

प्रदक्षिणा घातल्या. आत नेऊन पाटावर बसवलं. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे, असं म्हणावं लागतं. 'मनशुद्धी'ला माझी जीभ अडखळली. मग म्हटलं. त्या क्षणी ते खरं होतं.

ओंजळीत मी लापशी घातली. गोड नाही, खारट नाही. त्या सावकाश जेवल्या. एक घास संपला की ओंजळ पुढे. आहार घेताना बोलत नाहीत, त्यामुळे काय हाक मारायची हा प्रश्नच आला नाही. शेवटी मी पाणी घातलं. ओंजळीतून थेंबही सांडला नाही. लहानपणी माझा हात थरथरायचा, तिचा कधीच नाही.

दुपारी बस्तीत दर्शनाला गेलो. बरीच माणसं होती. त्यांनी सगळ्यांना आशीर्वाद दिला, तसाच मलाही. मी वाकून नमस्कार केला आणि उठताना सवयीने कमरेवर हात ठेवला.

"सरळ उभी राहा," त्या हळूच म्हणाल्या. "प्रार्थनेची घंटा झालीय."

आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

येताना गाडीत मी मिरजेपर्यंत रडत होते. जिनपालांनी वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी जोतीरामचा फोन आला. त्याला साहेब हवे होते, ते फिरायला गेलेले. मी घेतला.

"बाई, पोचला का नीट?"

"पोचले."

"आदळली का कुठं?"

"नाही."

"आदळंल कशी! साहेबांनी मला त्या ट्रकमागं न्हेऊन काय सांगितलं ठावं हाय का? म्हनले, जोतीराम, बेदाणा न्हाई, माणूस न्यायाचं हाय. पाठ दुखती म्हनतीया, कवा दुखती, कवा न्हाई. पर तू गाडी अशी मऊ कर, की तिला न्हाई म्हनाया जागा ऱ्हाऊ ने." तो हसायला लागला. "मी म्हनलं, साहेब, लडाखला जनरलसायबाची गाडी केली, पर असली ऑर्डर लय अवघड!"

मी फोन ठेवला. 

आता लिहिते ते या वहीसाठी नाही. हे पान फाडून त्यांच्या जेवणाच्या ताटाखाली ठेवणार आहे.

प्रति,
श्री. जिनपाल चौगुले, सांगली.

दिनांक १४ सप्टेंबर रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास आपण माझी गाडी माझ्या परवानगीशिवाय नेली. ती तक्रार कायम आहे. त्यात पुढील मुद्दे वाढवत आहे.

भाऊबीजेनंतर संघ निघेल. कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत त्यांचे चार-पाच मुक्काम होतील, असं प्राची सांगते. प्रत्येक मुक्कामाच्या गावी आदल्या दिवशी पोचून चौका लावायचा माझा विचार आहे. गाडी माझी आहे, चालवणं आपल्याकडे आहे. आपण येणार की नाही, ते कळवावं.

दुसरं असं, की रिक्षात माझी पाठ दुखत नाही, एसटीत दुखत नाही, हे आपल्याला माहीत होतं. केव्हापासून, ते तारखेसह कळवावं. आणि माहीत असताना, मला एका शब्दाने खोटं न पाडता, आपण एवढ्या स्प्रिंगा का बदलल्या?

उत्तर लेखी पाहिजे. 'हं', मान हलवणं आणि खिडकीबाहेर बघून हसणं, हे उत्तर म्हणून स्वीकारलं जाणार नाही. मुदत : शनिवार, १८ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत.

त्रिशला